हापूसचा पाला: उकळावा की अल्ट्रासाउंड लावावा?

छाटणी झाली की रत्नागिरीकडच्या बागांत हापूसच्या पाल्याचे ढीग पडतात, आणि त्यातले कितीतरी पेटवून दिले जातात. जीव हळहळतो, कारण त्या पानांत मँगिफेरिन हे अँटिऑक्सिडंट असतं.

उकळून अर्क काढणं सोपं. पातेलं आणि चूल पुरे. पण तासभर आच लागली की नाजूक संयुगं बिघडतात. म्हणून विकायच्या अर्कासाठी माझा कौल अल्ट्रासाउंडला, यंत्र महाग असलं तरी. सावलीत वाळवलेल्या पाल्याची भुकटी पाणी-इथेनॉलमध्ये घालून 20 किलोहर्ट्झच्या वरच्या ध्वनिलहरी सोडायच्या. द्रावणात सूक्ष्म बुडबुडे उठून फुटतात, त्या दणक्याने पेशींच्या भिंती फाटतात आणि अर्क मिनिटांत उतरतो. भांडं मात्र बर्फाच्या पाण्यात ठेवा. लहरींनीही द्रावण तापतं.