विश्रामबागमधलं रेटिना क्लिनिक (सांगली): शुगरवाल्यांनी पडदा इथं दाखवावा, साडेचार स्टार

आप्पांना तासगावहून घेऊन गेलो होतो. शुगर बरीच वर्षं आहे पण हल्ली तीन महिन्यांची सरासरी (HbA1c) सातच्या आत आलेली, त्यामुळं त्यांचं एकच पालुपद, पेपर वाचता येतोय की, डोळे कशाला दाखवायचे.

इथं आधी थेंब घालतात, बुबुळ मोठं व्हायला अर्धा-पाऊण तास जातो, मग पडद्याचा फोटो आणि ओसीटी, म्हणजे पडद्याच्या थरांचा स्कॅन. डॉक्टरांनी फोटो स्क्रीनवर मोठा करून दाखवला, बारीक लाल ठिपके आणि मधल्या भागाच्या कडेला पिवळसर कण, नजर चांगली असूनसुद्धा. आप्पांनी लगेच विचारलं, शुगर कंट्रोलमध्ये आहे मग हे कशानं?

डॉक्टरांनी कुत्र्यांवरच्या एका जुन्या अभ्यासाचं सांगितलं, मी घरी येऊन शोधून वाचला. 1987 चा आहे, अमेरिकेतल्या एंगरमन आणि कर्न यांचा. डायबेटिस झालेल्या कुत्र्यांची शुगर अडीच वर्षं वाढलेलीच ठेवली, तोवर पडद्यात जवळपास काहीच दिसत नव्हतं, मग पुढची अडीच वर्षं इन्सुलिन देऊन कडक कंट्रोल, आणि तरी पडदा बिघडत गेलाच! म्हणजे आधीच्या वाढलेल्या शुगरचा हिशोब शरीर नंतरही वसूल करत राहतं. आज रिपोर्ट नॉर्मल आहे म्हणून डोळे न दाखवणाऱ्या प्रत्येकाला हे सांगायला पाहिजे असं मला फार वाटतं.

एका ओळखीच्यानं "पडदा नवीन तयार होतो" म्हणून थेंब गळ्यात मारलेले, तेही दाखवले. डॉक्टर म्हणाले बंद करा, आणि नीट समजावलं. झेब्राफिश नावाच्या माशाचा पडदा दुखावला तर त्यातल्या म्युलर पेशी (पडद्याला आधार देणाऱ्या) खरंच नव्या पेशी बनवतात, आपल्यात त्याच पेशी आहेत पण त्या व्रणासारखं जाळं करून बसतात. 2017 मध्ये उंदरांत एक जनुक चालू करून, सोबत औषध देऊन थोड्या नव्या पेशी उगवून दाखवल्यात, पण ते उंदीर डायबेटिसचे नव्हते. आणि औषध टोचून डायबेटिस केलेल्या उंदरांत सुरुवातीचाच बिघाड दिसतो, माणसासारखा पडद्यावर नव्या रक्तवाहिन्या फुटून रक्तस्राव होण्यापर्यंत सहसा जात नाही, त्यामुळं उंदरावर चाललं म्हणून माणसावर चालेल असं धरता येत नाही. एवढं आप्पांच्या भाषेत, घाई न करता सांगणारा डॉक्टर मी तरी पहिल्यांदा बघितला.

अर्धा स्टार कापला तो बसायच्या जागेसाठी, थेंब घातलेली म्हातारी माणसं पॅसेजमध्ये भिंतीला टेकून उभी होती, तेवढ्या खुर्च्या वाढवाच. थेंबानंतर गाडी चालवता येत नाही हेही फोनवर नंबर लावतानाच सांगायला हवं, आमच्या पुढचे एक काका एकटेच बाईकवर आलेले आणि मुलगा येईपर्यंत तिथंच अडकले. उन्हाचा चष्मा न्या, जुने शुगरचे रिपोर्ट न्या, सकाळचाच नंबर घ्या.