हवेतल्या रेणूंची ओढ मोजताना : ‘साय-४’ वापरून पाहिल्यावर

सांगलीत घरच्या चार कोअरच्या संगणकावर वायुरेणूंमधली दुबळी आकर्षणे कितपत भरवशाने मोजता येतात, हे पाहण्यासाठी एम.एस्सी.च्या विद्यार्थ्यांबरोबर मी ‘साय-४’ ही मोफत, मुक्तस्रोत गणनप्रणाली काही महिने वापरली.

काम दिसते तेवढे सोपे नाही. पाण्याच्या दोन रेणूंची जोडी सोडवायला मोलमागे सुमारे २१ किलोज्यूल लागतात, कार्बन डायऑक्साइडच्या जोडीला जेमतेम ६, आणि आरगॉनच्या दोन अणूंना तर १.२, म्हणजे खोलीच्या तापमानाला असणाऱ्या औष्णिक ऊर्जेच्या निम्मेच. उलट कार्बन डायऑक्साइडच्या दोन रेणूंची मिळून एकूण ऊर्जा मोलमागे दहा लाख किलोज्यूलच्या आसपास भरते. जोडीच्या ऊर्जेतून सुट्या रेणूंची ऊर्जा वजा करून हे ६ काढणे म्हणजे वीस टनांची उसाची गाडी दोनदा काट्यावर घालून चालकाच्या खिशातल्या किल्ल्या तोलणे होय.

‘साय-४’मधली ‘सॅप्ट’ ही आंतररेण्वीय ओढ मोजण्याची पद्धत ही वजाबाकी टाळून आकर्षणाची ऊर्जा थेट काढते आणि तिचे स्थिरविद्युत, प्रतिकर्षण, प्रेरण (एका रेणूच्या विद्युतभारामुळे दुसऱ्यातले इलेक्ट्रॉन सरकणे) आणि डिस्पर्शन (दोन्हींकडच्या इलेक्ट्रॉनांच्या क्षणिक हालचालींतून येणारी ओढ) असे चार भाग वेगळे छापते. मला ही प्रणाली आवडली ती मुख्यतः यासाठी. हार्ट्री-फॉक किंवा साध्या बी३एलवायपी या रेणूंची ऊर्जा काढण्याच्या नेहमीच्या पद्धतींनी आरगॉनचे अणू एकमेकांना धरतच नाहीत. ते का, हे डिस्पर्शनचा आकडा पाहिल्यावर विद्यार्थ्यांना वेगळे सांगावे लागत नाही. ‘सॅप्ट-०’ ही सर्वांत हलकी पातळी लहान बेसिस सेटवरही (इलेक्ट्रॉनांचे वर्णन करणाऱ्या गणिती फलांच्या लहान संचावरही) चांगले आकडे देते, मात्र त्यात चुकांनी एकमेकींना खोडून काढण्याचा वाटा आहे, हे विसरू नये.

स्वतःची चित्रमय खिडकी नसल्याने इनपुट फाईल हाताने लिहावी लागते आणि दोन रेणूंच्या मध्ये दोन आडव्या रेघा द्याव्या लागतात. नवख्याचा पहिला आठवडा त्यातच जातो. सीसीएसडी(टी) या अधिक अचूक पण महागड्या पद्धतीत रेणूंचा आकार दुप्पट झाला की खर्च १२८ पट होतो, त्यामुळे घरच्या संगणकावर ती लहान जोड्यांपुरतीच ठेवावी. (रात्रभर चाललेली आमची एक गणना लाइट गेल्याने वाया गेली, तो दोष अर्थात प्रणालीचा नव्हे.)

नायट्रोजन, आरगॉन, पाणी आणि कार्बन डायऑक्साइड यांच्या जोड्यांसाठी ही प्रणाली महाविद्यालयांनी निःशंक घ्यावी. ऑक्सिजनच्या जोडीला मात्र, प्रत्येक रेणूत दोन एकाकी (जोडी नसलेले) इलेक्ट्रॉन असल्यामुळे, ‘सॅप्ट-०’ची ही साधी वाट पुरत नाही.