एकच ओळ, दोन अब्राहाम: पौल आणि याकोब

बायबलच्या पहिल्या पुस्तकात, उत्पत्ती १५:६ मध्ये, यहुद्यांचा मूळपुरुष अब्राहाम देवावर विश्वास ठेवतो आणि तो विश्वास नीतिमत्त्व म्हणून गणला जातो. या ओळीवर पौल आणि याकोब या नव्या करारातल्या दोन पत्रलेखकांनी बोट ठेवलंय, पण पुढची पानं दोघांनी वेगवेगळी उघडली.

पौलाचा युक्तिवाद पक्का वकिली. रोमकरांस पत्राच्या ४थ्या अध्यायात तो फक्त क्रम विचारतो: हे घडलं तेव्हा अब्राहामाची सुंता झाली होती का? नाही, ती येते उत्पत्तीच्या १७व्या अध्यायात. म्हणजे सुंता न झालेल्या परराष्ट्रीयांचाही, म्हणजे यहुदी नसलेल्यांचाही, अब्राहाम बाप. शिवाय 'गणणे' हे ग्रीक क्रियापद हिशेबवहीतलंही आहे. पौल लगेच मजुरीचा दाखला देतो: राबणाऱ्याला मिळतो तो त्याचा हक्क, कृपा नव्हे.

याकोब थेट उत्पत्तीच्या २२व्या अध्यायात जातो. अब्राहामाचा मुलगा इसहाक बळीच्या वेदीवर आहे, विश्वास कृतीत उतरलाय, आणि ती ओळ तिथे पूर्ण झाली असं याकोब म्हणतो. नुसता विश्वास काय, भुतंही ठेवतात आणि थरथर कापतात! हे वाचन त्याच्या पदरचं नाही; १ मक्काबी या जुन्या यहुदी ग्रंथात (२:५२) देखील कसोटीला उतरलेला अब्राहामच नीतिमान ठरतो. मला तरी यहुदी परंपरेच्या जवळ याकोब वाटतो, मजकुराच्या क्रमाशी पौल. जर्मन धर्मसुधारक ल्यूथरने मात्र १५२२ मध्ये याकोबाच्या पत्राला पेंढ्याचं, म्हणजे कसहीन, म्हणून बाजूला सारलं.