चार तारे, पाचवा बाकड्यासाठी राखून ठेवलाय

नाशिकच्या अंबडला माझं नऊ मशीनचं शिवणकामाचं युनिट आहे. एप्रन, बॉयलर सूट, कापडी हातमोजे. गिऱ्हाईक म्हणजे आजूबाजूच्या कंपन्या. सरकारी म्हणाल तर ओझरला विमानं बनवणारी एचएएल, नाशिकरोडला दोन प्रेस, देवळालीला तोफखाना. एवढं सरकार हाकेच्या अंतरावर, पण माल विकायला आत शिरायचं कुठून ते कळत नव्हतं.

सरकारी टेंडरच्या बिडा भरून देणाऱ्या सातपूरच्या या दुकानात (झेरॉक्सवाल्याच्या वरचा मजला, अरुंद जिना) मी आले ती आधी एका एजंटकडे हात पोळून घेऊन. त्याने जेमवर, म्हणजे सरकारी खरेदीच्या पोर्टलवर, माझं खातं उघडलं, पण ईमेल स्वतःचा टाकला. पासवर्ड त्याच्याकडे, महाटेंडर्ससाठी (राज्य सरकारचं टेंडर पोर्टल) काढलेल्या डिजिटल सहीचं टोकनही त्याच्याच ड्रॉवरमध्ये. साधी बिड बघायची तरी त्याला फोन. तो गावाला गेला की माझा धंदाही गावाला.

इथल्या मॅडमनी फाइल उघडायच्या आधीच विचारलं, "ताई, कागदावर मालक कोण?"

उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगाची सरकारी नोंदणी, मिस्टरांच्या नावाची, त्यात काम 'ट्रेडिंग' असं लिहिलेलं. मॅडमनी सरळ सांगितलं की याचा उपयोग नाही. एकल मालकी असेल तर मालक बाईच हवी, भागीदारीत तिचा हिस्सा निदान ५१% हवा. शिवाय खरेदीतलं प्राधान्य माल बनवणाऱ्याला मिळतं, आणून विकणाऱ्याला नाही. माझ्या पॅनवर नवी फर्म, जीएसटी, उद्यम, सगळं नव्याने करण्यात दीड महिना गेला. मिस्टर म्हणाले, "मग मी कोण?" म्हटलं, कटिंग मास्टर. तसेही तेच आहेत.

बचत गटात कुणीतरी पसरवलं होतं की प्रत्येक टेंडरमध्ये बायकांना ३% राखीव असतात. तसं नाही. २०१२ च्या खरेदी धोरणात २०१८ साली दुरुस्ती झाली. त्यानुसार केंद्राची मंत्रालयं आणि सरकारी कंपन्यांनी वर्षभराच्या खरेदीतली २५% लहान उद्योगांकडून करायची, त्या २५ मधले ३ टक्के महिलांच्या उद्योगांकडून. हे वर्षाचं उद्दिष्ट झालं, तुमच्या टेंडरमधला वाटा नव्हे. ईएमडी, म्हणजे बिड भरतानाची अनामत, माफ असते हे खरं, पण परफॉर्मन्स गॅरंटी, म्हणजे ऑर्डर मिळाल्यावर द्यायची हमीची रक्कम, त्यात माफ होत नाही. इथे बऱ्याच जणी फसतात.

पहिल्या चार बिडा मॅडमनी भरूच दिल्या नाहीत. कागदाच्या पहिल्या पानावर अनुभव आणि उलाढालीतून सूट आहे की नाही ते लिहिलेलं असतं. 'नाही' दिसलं की पान बंद. एका बिडेला १,५०० रुपये घेतात, म्हणजे त्या चार बिडांचे ६,००० त्यांनी स्वतःहून सोडले.

पाचवी भरली. एका केंद्रीय कार्यालयाला १,२०० एप्रन हवे होते. सगळ्यात कमी दर एका मोठ्या कंपनीचा, १४० रुपये. माझा १५८. मी म्हटलं, संपलं. मॅडमनी झेरॉक्सच्या पाठकोऱ्या कागदावर मांडलं: लहान उद्योगाचा दर सगळ्यात कमी दरापेक्षा १५% पर्यंत जास्त असला तरी चालतो. १४० वर १५% म्हणजे १६१ पर्यंत, तुम्ही आत आहात. १४० ला उतरायची तयारी असेल तर चौथा हिस्सा, ३०० नग, तुम्हाला मिळू शकतो.

मग पेन माझ्या हातात दिलं. जीएसटी बाजूला ठेवून कापड ९३, शिलाई २२, नाडी आणि दोरा ९, पॅकिंग-वाहतूक ११. झाले १३५. नगामागे पाच रुपये, ३०० नगांचे १,५००.

मॅडम आकड्याकडे बघत राहिल्या आणि हसल्या. "म्हणजे सगळी शिलाई तुम्ही माझ्या फीसाठी करणार?"

तरी मी घेतलं. पुढच्या बिडेत अनुभव म्हणून दाखवायला एक तरी सरकारी ऑर्डर हवी होती. त्यांनी घ्या म्हटलं नाही, नको म्हटलं नाही, फक्त तो कागद फाइलला लावून ठेवला. माल पोचल्यावर माल स्वीकारल्याचं सर्टिफिकेट, म्हणजे सीआरएसी, कुठे बघायचं तेही त्यांनीच दाखवलं. ते दहा दिवसांत निघायला हवं, त्यानंतर दहा दिवसांत पैसे. माझे आले.

आता तक्रारी. बसायला एकच बाकडं, त्यावरही फायलींचे गठ्ठे. दुपारी दोन ते चार कुलूप, आणि हे पाटीवर लिहिलेलं नाही. शनिवारी माझी सुट्टी म्हणून गेले तर दहा जणी आधीच जिन्यावर. फोन तिसऱ्या रिंगनंतर कट होतो, व्हॉट्सअॅपला मात्र रात्री अकरालाही उत्तर येतं. कागद नीट लावून न्या. विस्कटलेली फाइल दिसली की मॅडम चक्क परत पाठवतात, मलाही पाठवलं होतं.

एक मात्र आहे. खात्याचा पासवर्ड त्यांनी माझा मलाच टाइप करायला लावला, आणि मी टाइप करत होते तोवर खिडकीबाहेर बघत उभ्या होत्या.