घोट्याचं दुखणं सांगितलं, त्याने बूट गळ्यात मारले

एकूण १०,४५० रुपये गेले. दोन हजार ‘साइज ब्लॉक’ करायला, ७,८०० पार्सल निघायच्या आधी, आणि वर ६५० ‘इन्शुरन्स’चे. तिन्ही वेळा यूपीआयने, तिन्ही वेळा मीच माझ्या हाताने. मी अकाउंट्समध्ये काम करते. दिवसभर दुसऱ्यांच्या बिलांवर संशय घेण्याचाच मला पगार मिळतो. ऑफिसात हे अजून कुणाला सांगितलेलं नाही.

कॉलेजात असताना मी बास्केटबॉल खेळायचे. त्या काळात डावा घोटा दोनदा मुरगळला होता, आणि दोन्ही वेळा हळद-तेल चोळून, चार दिवस लंगडून पुन्हा मैदानात. मग नोकरी, लग्न, मुलगी. चौदा वर्षांनी, गेल्या पावसाळ्यानंतर, कोथरूडच्या दोन मैत्रिणींनी ओढून नेलं आणि रविवारी सकाळी सिमेंटच्या कोर्टवर पुन्हा खेळायला लागले. तिसऱ्याच रविवारी रिबाउंड, म्हणजे बास्केटला लागून परतलेला चेंडू, उडी मारून घेऊन खाली उतरताना पाय जमिनीवर न पडता दुसरीच्या बुटावर पडला. घोटा बाहेरच्या अंगाला गेला, तळवा आत वळला आणि कट्कन आवाज आला. तासाभरात घोट्यावर लिंबाएवढी सूज. एक्स-रे साफ निघाला. लिगामेंटला, म्हणजे हाडं बांधून ठेवणाऱ्या पट्ट्याला, मार बसला होता. क्रेप बँडेज बांधून घरी आले आणि सोफ्यावर आडवी पडून मोबाइल हातात घेतला. फसायला याहून चांगली बैठक नाही.

इन्स्टाग्रामवर ते पेज भाच्याच्या फीडमधून माझ्याकडे आलं. बास्केटबॉलचेच बूट, फोटो झकास, भाव दुकानापेक्षा निम्मे. मी मेसेज केला: घोटा कमजोर आहे, तीनदा मुरगळलाय, कोणता बूट घेऊ? उत्तर दोन मिनिटांत. ‘मॅम, पायाचा फोटो पाठवाल का? आमचे फिटिंग एक्सपर्ट बघतील.’ मी पाठवला. बँडेज सोडून एक, बँडेजसकट एक. अर्ध्या तासाने ‘एक्सपर्ट’चं उत्तर आलं: ‘मॅम, तुम्हाला साधा बूट चालणारच नाही. हाय-कट ऑर्थो व्हर्जन लागेल. अमेरिकेतला बास्केटबॉल स्टार स्टेफ करी पण घोट्याच्या ऑपरेशननंतर असाच वापरतो.’

आता मागे वळून बघताना कळतं की त्याने स्वतःहून काहीच विकलं नाही. मी जे जे सांगितलं, ते ते तो वस्तू करून मला परत देत गेला. मी म्हटलं, टाच आत सरकते. तो म्हणाला, यात टाच लॉक होते. मी म्हटलं, सिमेंटवर खेळतो. तो म्हणाला, सिमेंटसाठी खास रबर. मी म्हटलं, पुन्हा मुरगळायची भीती वाटते. यावर त्याने एक पीडीएफ पाठवली: ‘ऑर्थो सर्टिफाइड’, खाली डॉक्टरची सही आणि गोल शिक्का. त्यावर महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचा नोंदणी क्रमांक नव्हता. साध्या सर्दीच्या औषधाच्या चिठ्ठीवरही तो असतो, पण हे मला नंतर सुचलं. आणि कॅश ऑन डिलिव्हरी का नाही, तर म्हणे तुमच्या पायासाठी पट्टा वेगळा शिवून घ्यावा लागतो.

पार्सल आलं तेव्हा मी ऑफिसात होते. वॉचमनदादांचा फोन आला, लगोलग विक्रेत्याचाही मेसेज: ‘मॅम मिळालं ना? एक छोटा रिप्लाय द्या प्लीज.’ मी मीटिंगमध्ये होते. ‘हो, मिळाले. खूप धन्यवाद!’ आणि हात जोडलेली इमोजी, असं टाकून मोकळी झाले. हा मेसेज लक्षात ठेवा.

पहिले दोन रविवार मी खूश होते, हे कबूल करायला हवं. बूट घोट्याच्या वर चार बोटं, त्यावर जाड वेल्क्रोचा पट्टा. बांधला की प्लास्टर घातल्यासारखं घट्ट वाटायचं, आणि घट्ट म्हणजे सुरक्षित असं मला वाटत होतं. तिसऱ्या रविवारी एक साधा कट मारला, म्हणजे उजवीकडे जाते असं दाखवून डावीकडे, आणि बूट जागेवर राहिला पण टाच आतल्या आत सरकली. घोटा पुन्हा वळला. यावेळी थोडक्यात निभावलं. पट्टा मात्र एका बाजूने उसवून लोंबत होता.

तो शिवायला कोपऱ्यावरच्या मोचीकाकांकडे गेले. त्यांनी बूट हातात घेतला, पट्टा ओढून बघितला आणि विचारलं, ‘ताई, कितीला घेतला?’ मी आकडा अर्धा करून सांगितला. तरी ते हसले. म्हणाले, ‘हा पट्टा नुसता अस्तराला टाचलाय. सोलपर्यंत गेलाच नाही. दागिना आहे हा.’ मग टाचेला मागून अंगठा लावला आणि दाबला. भिजलेल्या खोक्यासारखी टाच आत गेली आणि तशीच राहिली. ‘उघडू का?’ मी हो म्हटलं. रापीने त्यांनी टाचेची शिवण सोडवली आणि आतून करड्या रंगाचा पुठ्ठा चिमटीत धरून बाहेर काढला. घामाने तो मऊ पडला होता, कडा सुटून पापुद्रे निघत होते. वर दुकानातल्या खोक्यावर असते तशी छपाई, उलटी, अर्धी: ‘…gile’, म्हणजे ‘फ्रॅजाइल’मधलं शेपूट. माझ्या घोट्याला आधार देणारी वस्तू ती हीच.

काकांनी पैसे घेतले नाहीत. मला ते जास्त लागलं.

संध्याकाळी भाचा आला. त्याला बूट दाखवले तर त्याने बुटांकडे न बघता आधी डबा मागितला. ‘मावशी, डब्यावरचा कोड आणि बुटाच्या जिभेच्या आतल्या लेबलवरचा कोड जुळतोय का बघ.’ जुळत नव्हता. डब्यावरचा कोड कंपनीच्या साइटवर टाकला तर मुलांचा धावण्याचा बूट निघाला. मग त्याने डबा चारी बाजूंनी फिरवला. बाहेरून आलेल्या मालावर आपल्याकडे आयातदाराचं नाव-पत्ता, सर्व करांसह कमाल किंमत, महिना-वर्ष, ग्राहकसेवेचा नंबर असं स्टिकर असावंच लागतं. इथे ते नव्हतं. मी रोज इन्व्हॉइसवर जीएसटी नंबर तपासते. घरी आलेल्या डब्यावर काय लिहिलंय हे बघायचं मला सुचलं नाही. बिलही नव्हतंच. व्हॉट्सअॅपवर आलेला एक चौकोनी फोटो, त्यालाच तो बिल म्हणत होता.

खरी शिकवणी मात्र फिजिओ मॅडमकडे झाली. मी बुटांची कर्मकहाणी सांगितली, तर त्यांनी पहिला प्रश्न विचारला, ‘बूट खरे असते तर काय झालं असतं असं वाटतं तुम्हाला?’ मी गप्प. त्यांनी मला डाव्या पायावर उभं राहायला सांगितलं, डोळे मिटून. सहा सेकंदांत भिंत धरली. उजव्यावर अर्धा मिनिट सहज उभी राहिले. ‘हा तुमचा आजार,’ त्या म्हणाल्या. पाय वाकडा पडतोय हे घोट्याकडून मेंदूला कळतं, मग स्नायू आवळतात. लिगामेंट ताणलं गेलं की ती खबरच उशिरा पोचते. बुटाची उंच कॉलर ही खबर पोचवत नाही.

अमेरिकेत १९९३ साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास त्यांनी सांगितला. कॉलेजात खेळणाऱ्या ६२२ जणांना कुणाला कोणता हे नशिबावर सोडून तीन प्रकारचे बूट वाटले: उंच, बुटके, आणि हवा भरायचे कप्पे असलेले उंच. घोटे मुरगळण्यात ठळक फरक काही दिसला नाही. दुखापती मुळात १५च झाल्या, त्यामुळे तो शेवटचा शब्द नाही, पण ‘उंच म्हणजे सुरक्षित’ हे त्यातून निघत नाही. त्याउलट लेस बांधायच्या ब्रेसचं, म्हणजे घोट्यावर चढवायच्या आधारपट्ट्याचं. २०११च्या एका अभ्यासात विस्कॉन्सिनमधल्या १,४६० शाळकरी खेळाडूंपैकी ब्रेस घालणाऱ्यांना घोट्याच्या दुखापती न घालणाऱ्यांच्या साधारण एक तृतीयांश झाल्या. आणि एकदा मुरगळलेला घोटा पुन्हा मुरगळण्याची शक्यता मोठी, हे तर माझ्या डाव्या पायाला तोंडपाठ आहे.

मग करीचं काय? स्टेफ करीच्या उजव्या घोट्यावर २०११ आणि २०१२ मध्ये ऑपरेशनं झाली हे खरं. पण तो ब्रेस घालतो, व्यायाम करतो, आणि त्याच्यामागे माणसांची फौज आहे. दुसरा बास्केटबॉल स्टार कोबी ब्रायंट, त्याने तर २००८च्या अखेरीस मुद्दाम घोट्याखाली कापलेला बूट बनवून घेतला होता. मला कुणी हे आधी सांगितलं असतं तर मी त्या ‘एक्सपर्ट’ला एवढंच विचारलं असतं, आणि गंमत बघितली असती.

नवे बूट मी दुकानात जाऊन घेतले, ४,६०० रुपयांना, घोट्याच्या जरा खाली संपणारे. दुकानातल्या मुलाला मी दुखण्याचा एक शब्द सांगितला नाही. मोचीकाकांसारखा टाचेला अंगठा लावला: दबली नाही. बूट दोन्ही हातांनी धरून ओल्या फडक्यासारखा पिळून बघितला. पुढे बोटांपाशी वाकला, मधोमध पिळला गेला नाही. टेबलावर ठेवून वरून बघितलं तर चवड्याच्या बाहेरच्या बाजूला सोल वरच्या कापडापेक्षा किंचित रुंद, म्हणजे बाजूला कलताना टेकू मिळतो. टाचेखाली फार जाड, गुबगुबीत फोमचे नको म्हणून सांगितलं. जमिनीपासून जितके उंच, तितका घोटा वळायला वाव. संध्याकाळी गेले, कारण तेव्हा पाय जरा सुजलेले असतात. खेळायचे मोजे आणि ब्रेस सोबत नेला, कारण ब्रेसवर बूट बसतो का हे ब्रेस घातल्याशिवाय कळत नाही. अर्धा नंबर वाढवावा लागला. सगळ्यात वरच्या भोकांतून लेसचा फास करून बांधल्यावर टाच सरकायची थांबली. या फासाला पैसे पडत नाहीत.

तक्रारीचं सांगते, कारण यातही मी चुकले. पैसे ऑनलाइन लुबाडले गेले की १९३० या नंबरवर ताबडतोब फोन करायचा असतो, पैसे पुढच्या खात्यातून निघायच्या आत. मी पाचव्या आठवड्यात केला. तोवर मी विक्रेत्याशी सभ्यपणे बोलत बसले होते. तो आधी म्हणाला, अनबॉक्सिंगचा व्हिडिओ दाखवा. मी दाखवला. मग म्हणाला, वापरलेला माल परत होत नाही. मग म्हणाला, टाच तुम्हीच उघडली. आणि मग ब्लॉक. पोलीस ठाण्यातल्या हवालदारसाहेबांनी शांतपणे विचारलं, ‘वस्तू मिळाली ना?’ मिळाली होती. पिशवीत घालून नेलीही होती. त्यांनी अर्ज घेतला, पण तो प्रश्न मला आठवडाभर पुरला.

ग्राहक हेल्पलाइन १९१५वर तक्रार नोंदवली. ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी लागत नाही, अर्ज ऑनलाइन करता येतो, हेही कळलं. पण समोरच्याचं नाव आणि पत्ता कुठून आणायचा? माझ्याकडे होता एक यूपीआय आयडी, एक मोबाइल नंबर आणि एक पेज. पार्सलवरचा पाठवणाऱ्याचा पत्ता भाच्याने नकाशावर टाकला, तर एका उड्डाणपुलाचा मधला भाग आला. पैसे पाठवायच्या आधी पत्ता मागितला असता, तर तो तेव्हाच उड्डाणपुलावर सापडला असता.

गेल्या महिन्यात मैत्रिणीच्या मोबाइलवरून ते पेज उघडलं. नाव बदललंय, फोटो तेच, ऑर्थो व्हर्जनचा भाव हजाराने वाढलाय. ‘हॅपी कस्टमर्स’ अशी एक रांग आहे, ती सरकवत गेले. चौथ्या चौकोनात माझा मेसेज होता, नाव खोडलेला: ‘हो, मिळाले. खूप धन्यवाद!’ हात जोडलेल्या इमोजीसकट. त्याच्या वर ‘आधी’ म्हणून माझा सुजलेला डावा घोटा, मागे आमच्या सोफ्याचं निळं कव्हर. शेजारी ‘नंतर’ म्हणून एक गोरा, गुळगुळीत, नेलपॉलिश लावलेला पाय. तोही डावाच निवडलाय, एवढी काळजी मात्र त्याने घेतली होती.