स्टीलचं सिंक: खायचा सोडा की व्हिनेगर?

डाग कसला आहे, त्यावर सगळं ठरतं. तेलकट, काळपट थर असेल तर खायचा सोडा. सिंक ओलं करून दोन-तीन चमचे भुरभुरा, भांड्यांचं लिक्विड थोडं घाला आणि मऊ स्पंजने पॉलिशच्या रेघांच्या दिशेनेच घासा. आडवं घासलं की ओरखडे उठून दिसतात.

मुंबईत ज्या सोसायट्यांना टँकर किंवा बोअरवेलचं पाणी येतं, तिथे नळाखाली आणि जाळीभोवती पांढरा, खरखरीत थर धरतो. तो क्षारांचा. सोड्याने तो ढिम्म हलत नाही. पांढरं व्हिनेगर आणि पाणी समसमान घ्या, त्यात टिश्यू भिजवून पंधरा मिनिटं चिकटवा, मग धुऊन कोरडं पुसा. पुसलं नाही तर पाणी वाळून पुन्हा तेच डाग.

दोन्ही एकत्र ओतून फेस काढणं हा निव्वळ देखावा. एकाने दुसऱ्याचा जोर मारला जातो.

लोखंडी तारेची घासणी मात्र कशासोबतच नको. तिचे कण रुतून बसतात, पावसाळ्याच्या दमट हवेत गंजतात आणि दोष स्टीलवर जातो. हायड्रोक्लोरिक आम्ल असलेला टॉयलेट क्लीनर तर लांबच ठेवा: त्याने पडलेले बारीक खड्डे घासून जात नाहीत.