सरांचं क्वांटम घ्यावं की स्टॅटिस्टिकल?

एमएस्सी फिजिक्सला आमचे सर दोन पेपर शिकवतात, क्वांटम मेकॅनिक्स आणि स्टॅटिस्टिकल मेकॅनिक्स. परभणी-बीडकडून आलेली नवीन पोरं हमखास विचारतात, कोणता घेऊ? मी क्वांटमच सांगते. सर फळ्यावर दोन उंच भिंती काढतात, मधे इलेक्ट्रॉन कोंडतात आणि विचारतात, "सांग बाळा, भिंतीपाशी त्याचा तरंग किती?" शून्य! तिथून ऊर्जेची दुसरी पातळी पहिलीच्या 4 पट, तिसरी 9 पट, हे पोरंच काढतात. बारावीपर्यंत मराठीतून शिकलेल्यांना तिथं खरा धीर येतो.

स्टॅटिस्टिकलला नोट्स नेटक्या, मार्कही बरे पडतात, असं वसतिगृहातल्या मैत्रिणी सांगतात. पण वेग फार. बोल्ट्झमनचं सूत्र थेट फळ्यावर येतं, गणितं घरी. नेट-सेटची (प्राध्यापकीच्या पात्रता परीक्षांची) घाई असेल तर ते घ्या. मला मात्र भिंतींमधला तो इलेक्ट्रॉन अजून दिसतो.